बर्ड फ्लूची मनुष्यास होणारी लागण व प्रवाशांनी घ्यावयाची दक्षता

पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा, ज्यास आपल्याकडे सर्रास बर्ड फ्लू म्हणतात, हा मूलतः पाणथळ जागी राहणाऱ्या वन्य पक्ष्यांचा रोग होय. रानबदके, हंस, कुरव इत्यादी पक्षी त्याचे विषाणू आतड्यांत बाळगतात व विष्ठेवाटे बाहेर टाकतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना त्यापासून फारसा उपद्रव होत नाही. हाच विषाणू कोंबड्यांत शिरून उग्र रूप धारण करतो, तेव्हा मात्र दोन-चार दिवसांत खुराडी ओस पडतात. कोंबड्यांपासून मनुष्यास त्याची लागण क्वचितच होते. परंतु झाल्यास ती प्राणावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींप्रमाणे २००३ पासून एच५एन१ या जातीच्या विषाणूची नऊशेहून अधिक माणसांना बाधा झाली व त्यांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. सौम्य आजार दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत हे ध्यानात घेतले, तरी हे प्रमाण उपेक्षा करण्याजोगे खचित नाही.

शिक्षण, नोकरी, यात्रा किंवा अभ्यासदौरा यांच्या निमित्ताने आपल्या खेड्यांतील माणसे आता परप्रांती व परदेशीही जातात. प्रवासात हा रोग कोठे गाठतो हे नीट समजून घ्यावयाचे, तर हाँगकाँग येथे १९९७ साली काय घडले ते पाहिले पाहिजे. त्या वर्षी मे महिन्यात तेथील एक तीन वर्षांचा मुलगा तापाने दगावला. त्याच्या शरीरात सापडलेला विषाणू कोंबड्यांचा आहे, हे ऑगस्टमध्ये निश्चित झाले. पक्ष्यांचा एच५एन१ विषाणू माणसाच्या आजारात आढळण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणखी सतरा जण आजारी पडले. एकूण अठरांपैकी सहा मृत्यू पावले. रोग्यांची व निरोगी माणसांची तुलना करून तपास करण्यात आला, तेव्हा असे दिसून आले की, आजारापूर्वीच्या आठवड्यात जिवंत कोंबड्यांच्या बाजारात गेलेल्यांना धोका अधिक होता. कोंबडीचे शिजविलेले मांस खाण्याचा आजाराशी संबंध आढळला नाही. डिसेंबरच्या अखेरीस तेथील शासनाने तेरा ते पंधरा लाख कोंबड्या नष्ट केल्या आणि माणसांतील लागण तेथल्या तेथे थांबली. या एका तपासातील निष्कर्ष पुढील साथींतही बहुतांशी खरा ठरला आहे. म्हणूनच बर्ड फ्लूची वार्ता येताच मांस व अंडी खाणे सोडून द्यावयाचे, परंतु बाजारात पिंजऱ्यापाशी उभे राहून कोंबडी हातात घेऊन पारखावयाची, हा जो प्रकार सर्वत्र दिसतो, तो उलटा आहे.

असे का व्हावे? हा विषाणू पेशीवरील ज्या विशिष्ट जागी चिकटतो, तशा जागा माणसाच्या नाकाघशात थोड्या असून फुप्फुसांच्या खोल भागात अधिक असतात. त्यामुळे वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासावाटे खोलवर गेल्यास किंवा हाताने डोळ्यांना पोचल्यास लागण होऊ शकते. खोल भागात रुजलेला रोग न्युमोनियाचे भीषण रूप घेतो. पण खोकल्यावाटे एकाकडून दुसऱ्याकडे तो सहजी जात नाही. विषाणू हे आपले स्वरूप पालटू शकतात, यास्तव शास्त्रज्ञांचे या रोगावर सतत लक्ष असते.

चीनमध्ये २०१३ साली एच७एन९ या दुसऱ्या जातीच्या विषाणूने आणखी एक पेच निर्माण केला. त्याची बाधा झालेल्या कोंबड्या आजारी दिसतच नसत. तुरा लालभडक, चाल तरतरीत, असा पक्षी पाहून कोणास शंका यावी? पुढील काही वर्षांत पंधराशेहून अधिक माणसांना त्याची लागण झाली व सहाशेच्या आसपास मृत्यू झाले. शांघाय व इतर शहरांतील जिवंत पक्ष्यांचे बाजार बंद करताच तेथील रोग्यांची संख्या झपाट्याने खाली आली. तेव्हा डोळ्यांना निरोगी दिसणारा पक्षी निर्धोक समजू नये. चीनमधून आलेल्या प्रवाशांत या रोगाचे निदान २०१४ साली मलेशियात व २०१५ साली कॅनडात झाले. एच५एन१ चा एक रोगी बीजिंगहून कॅनडात परतल्यावर २०१४ च्या जानेवारीत दगावला. तो तर कोंबड्यांच्या बाजारात गेल्याचेही आढळले नाही.

आपल्या देशाशी संबंध असलेले उदाहरण २०२४ चे आहे. ऑस्ट्रेलियातील एक लहान मूल फेब्रुवारीत कोलकात्यास येऊन गेले व परतल्यावर अत्यवस्थ झाले. तपासणीअंती एच५एन१ निघाला. सुदैवाने मूल बरे झाले. महाराष्ट्रात मेळघाटातील एका बालकास २०१९ साली एच९एन२ या सौम्य जातीच्या विषाणूची बाधा झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवून दिले. आजारापूर्वीच्या आठवड्यात ते आईवडिलांबरोबर एका धार्मिक मेळाव्यास जाऊन आले होते. या दोन्ही उदाहरणांत बालके आहेत, हे लक्षात ठेवावे. लहान मूल जमिनीवर रांगते, हाती येईल ते तोंडात घालते. पाहुणे म्हणून जेथे जाल, तेथे परसात कोंबड्या मोकळ्या हिंडत असल्यास मुलास अंगणात बसवू नये.

प्रवाशाने जिवंत पक्ष्यांचा बाजार टाळावा, हे सर्वांत महत्त्वाचे. जाणे भागच असल्यास पिंजऱ्यास हात लावू नये, पक्षी सोलतात त्या जागेपासून दूर राहावे, नाकतोंड झाकावे व बाहेर पडताच साबणाने हात स्वच्छ धुवावे. साबणाने या विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. मेलेल्या पक्ष्यास, मग तो कावळा का असेना, स्पर्श करू नये. अन्नाविषयी एवढेच पुरे की, मांस आतपर्यंत शिजलेले व अंडे पिवळ्या बलकासह घट्ट झालेले असावे. ७० अंश सेल्सिअस उष्णतेत विषाणू टिकत नाही. आजारी कोंबडी फुकट जाऊ नये म्हणून कापून खाण्याची चाल कंबोडियाप्रमाणे आपल्याकडेही आहे. ती घातक आहे. कारण ती कोंबडी शिजण्यापूर्वी कोणी तरी सोललेली असते. अमेरिकेत २०२४ पासून दुभत्या गाईंतही हा विषाणू आढळला असल्याने तेथे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी न तापविलेले दूध पिऊ नये.

कुक्कुटपालकास याहून एक अधिक जबाबदारी आहे. परगावचा बाजार किंवा दुसऱ्याचा कोंबडीफार्म पाहून आलेली व्यक्ती बुटांच्या तळव्यास चिकटलेल्या विष्ठेतून रोग आपल्या खुराड्यात आणू शकते. घरी येताच कपडे धुण्यास टाकावे, पादत्राणे घासून धुऊन उन्हात ठेवावी, स्नान करावे. परदेशाहून आलेल्याने निदान पाच दिवस खुराड्यात पाऊल टाकू नये. बाजारातून परत आणलेले डालगे व अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे तसेच आत नेऊ नयेत. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिली साथ उघडकीस आली. माणसांत तेथे एकही लागण सिद्ध झाली नाही. परंतु लाखो पक्षी मारावे लागले व तेथील धंदा पार बसला. प्रारंभी हा राणीखेत असावा, असा पुष्कळांचा समज होता. आपल्या खेड्यांत राणीखेतीस ‘मानमोडी’ म्हणतात, आणि १९१८ च्या माणसांतील इन्फ्लुएंझाच्या साथीसही लोकांनी तेच नाव दिले होते. नावे अशी एकमेकांत मिसळतात. रोग मात्र वेगळे आहेत. राणीखेतीची लस टोचली म्हणून बर्ड फ्लूपासून संरक्षण मिळत नाही. अकस्मात बरेच पक्षी मेले, तुरा निळा-जांभळा पडला, तर नावाचा वाद न घालता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. खात्रीचे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत होते.

प्रवासाहून परतल्यावर दहा दिवसांच्या आत ताप, खोकला, धाप किंवा डोळ्यांची लाली उद्भवल्यास घरगुती काढ्यावर दिवस काढू नयेत. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. डॉक्टरांकडे जाताना तोंडावर रुमाल बांधावा आणि आपण कोठे गेलो होतो, कोणत्या पक्ष्यांजवळ गेलो होतो, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता प्रथमच सांगावे. कारण तापाच्या शंभर रोग्यांत अशी शंका डॉक्टरांना आपण होऊन येणे कठीण असते.