लॅबला जायच्या आधी थोडं बोलू

टी-सेलच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर निवड झाली म्हणून लोह्यात पेढे वाटून झाले ना? आता जरा माझ्याजवळ बस. आईसमोर सगळं बोलता येत नाही. टी-पेशींत जनुक पोचवायला आपण वापरतो तो लेंटिव्हायरस मुळात एचआयव्हीपासून बनवलेला, हे तिला जेवताना सांगितलंस तर तुझं तिकीट त्याच रात्री रद्द होईल. रोग करणारी जनुकं त्यातून काढलेली असतात, उरलेले भाग वेगवेगळ्या प्लाझ्मिडवर वाटलेले असतात. तो पेशीत एकदा शिरतो, आपलं जनुक ठेवतो आणि तिथंच थांबतो. तरी हातमोजे आणि कॅबिनेटची शिस्त कधी मोडू नकोस.

तुझ्या डोक्यात ४ एप्रिल २०२४ चा कार्यक्रम बसलाय, मला माहीत आहे. राष्ट्रपती आयआयटी मुंबईत आल्या आणि आपल्या देशातली पहिली कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडणारी उपचारपद्धती, नेक्सकार१९, सगळ्या बातम्यांत झळकली. पण डॉ. राहुल पुरवारांच्या लॅबमधून निघालेली इम्युनोॲक्ट कंपनी २०१८ ची. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या २०२१ च्या जूनमध्ये, आणि मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधली सगळी वर्षं कोणीतरी रोज पेशी मोजत होतं. तुला तेच काम मिळणार आहे.

ते काम कसं असतं सांगू? रक्तदात्याचं रक्त फायकॉल नावाच्या जड द्रवावर ओतायचं, नळी तिरपी धरून, भिंतीवरून, अगदी सावकाश. घाई केलीस की दोन्ही मिसळतात आणि सकाळ वाया. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा. फिरवून झालं की मधोमध दुधावरच्या सायीसारखा पातळ पांढरट थर दिसतो, तो पिपेटनं गोल गोल फिरवत उचलायचा. त्यातून टी-पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना जागं करायचं, म्हणजे ॲक्टिव्हेशन, मग व्हायरस द्यायचा. ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये त्या वाढू लागतात. दोन-तीन दिवसांत मायक्रोस्कोपखाली त्यांचे पुंजके दिसले की समजायचं, जाग आली. गुलाबी मीडियम पिवळं पडायला लागलं तर त्यांना खायला हवं, मग तो रविवार असो की दिवाळी. म्हणून कॅलेंडर हातात घेऊनच प्रयोग लाव. माळेगावच्या यात्रेची तिथी आधीच ठाऊक असते, त्या आठवड्यात नवीन ॲक्टिव्हेशन लावू नकोस. नाहीतर नांदेडची गाडी स्टेशनातून सुटेल आणि तू ट्रिपॅन ब्लूमध्ये निळ्या पडलेल्या मेलेल्या पेशी मोजत बसशील.

वही त्याच दिवशी लिही. कुठल्या दात्याचं रक्त, पेशी वाढवणाऱ्या सायटोकाइनची कुठली लॉट, किती वाजता. आठवणीवर विसंबणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, सहा महिन्यांनी तोच प्रयोग त्यांचा त्यांनाच जमत नाही. आणि दात्याचं नाव वहीत कधीच येऊ देऊ नकोस, फक्त नंबर.

पैशाचंही बोलूनच घेऊ, कारण घरात ते कोणी विचारणार नाही. नेट-जेआरएफला महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, पण प्रोजेक्टवरची जागा प्रोजेक्ट संपला की संपते. हप्ता उशिरा येतो, कधी दोन-तीन महिने एकदम. हाताशी थोडे पैसे ठेवून जा आणि नेटचा अभ्यास सोडू नकोस. गाइडला भेटशील तेव्हा बाहेर चहाला तिथल्या सीनियर मुलींनाही भेट. किती वर्षांत पीएचडी होते, पेपरवर नाव कुणाचं येतं, रात्री उशीर झाला तर हॉस्टेलला कसं जातात, हे त्याच खरं सांगतील.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र लॅबबाहेरची. तू कॅन्सरवर काम करतेस हे गावात पसरलं की फोन सुरू होतील. कोणाच्या आईला स्तनाचा, कोणाच्या काकांना तोंडाचा, तंबाखूच्या कृपेनं आपल्याकडे तोच जास्त. ‘तुमच्याकडं ते नवीन औषध आहे म्हणे?’ तेव्हा आवाज न चढवता सांग की नेक्सकार१९ हा उपचार बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरवर आहे, तोही इतर उपचार थकल्यावर. घट्ट गाठीच्या कॅन्सरवर अजून संशोधनच चालू आहे, कारण गाठीच्या आत टी-पेशी दमून जातात आणि ज्या खुणेवरून त्या गाठ ओळखतात ती बहुतेकदा निरोगी पेशींवरही असते. खर्च परदेशातल्यापेक्षा कितीतरी कमी, तरी लाखांत मोजायचा. माणूस गप्प होईल. तुलाही वाईट वाटेल, आणि ‘बघू, सरांना विचारते’ असं तोंडातून निघू पाहील. ते म्हणू नकोस. त्या वाक्यावर माणसं शेत विकायला काढतात. त्याऐवजी रिपोर्ट घेऊन संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा टाटाला लवकर जायला सांग. तोंडातली न भरणारी जखम दाखवायला उशीर करू नका, हेही सांग. यानं तुझ्या प्रयोगापेक्षा जास्त लोकांचं भलं होईल, निदान सध्या तरी.

आणि हो, मानवी रक्त हाताळायचंय म्हणजे हेपॅटायटिस बीची लस लागेल. तीन डोस, पुरे व्हायला सहा महिने जातात. उद्याच पहिला घेऊन ये, चिठ्ठी फाइलला लाव. जॉइनिंगच्या वेळी विचारतील.