नवलाचे इंग्रजी शब्द



समुद्रकांठीं शिंपले वेंचणाऱ्या मुलाची रीत तुम्हीं पाहिली असेलच. एखादा रंगीत शिंपला हातीं लागला कीं, तो सोबत्यास दाखविल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. कोशाचीं पानें चाळतांना एखादा अपरिचित इंग्रजी शब्द सांपडला म्हणजे आमचीहि अवस्था अशीच होते. शब्दांची संपत्ति वाटल्यानें तिळभरहि कमी होत नाहीं. परंतु ती कशी वाटावी, हें कळण्यास आम्हांस बरीच वर्षें लागलीं. तोच अनुभव येथें सांगावयाचा आहे.

पालघर-बोईसर भागांतील वर्ग म्हणजे भाषांचें संमेलनच होय. किनाऱ्यावरचीं कोळी मुलें, पाड्यांवरून येणारीं वारली मुलें आणि कारखान्यांमुळें परप्रांतांतून बोईसरास येऊन राहिलेल्या कुटुंबांचीं मुलें एका बांकावर बसतात. प्रत्येकाच्या जिभेचें वळण निराळें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आठवीच्या वर्गांत सातपाटीकडचा एक मुलगा इंग्रजी धडा वाचीत होता. 'स्कूल' हा शब्द आला, तो त्यानें 'इस्कूल' असा वाचला. वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, पण आम्हांसहि हंसूं आवरलें नाहीं. मुलानें पुस्तक मिटलें. त्यानंतर कित्येक आठवडे त्यानें वर्गांत मोठ्यानें वाचलें नाहीं.

पुढें एके रात्रीं आम्ही कोशांत 'एस्टेट' हा शब्द पाहत होतों. ज्याला आपण मराठींत 'इस्टेट' म्हणतों, तोच हा शब्द. त्याच्या मुळाशीं लॅटिन 'स्टॅटुस' आहे, आणि इंग्रजी 'स्टेट' हा शब्दहि त्याच मुळापासून आलेला आहे. मग एकाच्या आरंभीं 'ए' कोठून आला? उत्तर वाचून आम्ही थक्क झालों. जुन्या फ्रान्स व स्पेन देशांतील लोकांच्या जिभेस शब्दारंभींचीं 'स्क', 'स्ट', 'स्प' हीं जोडाक्षरें जड जात, म्हणून ते आधीं एक स्वर लावीत. लॅटिन 'स्कोला', म्हणजे शाळा, हिचें स्पॅनिश भाषेंत 'एस्कुएला' झालें, आणि फ्रेंच भाषेंत पुढें 'स' गळून 'एकोल' झालें. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि त्यांच्या भाषेबरोबर असे स्वर लावलेले शब्द इंग्रजींत शिरले. 'एस्टॅब्लिश' व 'एस्पेशल' हे त्यांपैकींच. जुन्या पत्रांत साहेबांच्या नांवामागें लिहीत तो 'एस्क्वायर' हाहि तसाच. त्याचा मूळ अर्थ ढाल वाहणारा सेवक. या क्रियेस इंग्रजींत 'प्रोथेसिस' व आपल्या व्याकरणांत 'आदिस्वरागम' म्हणतात.

म्हणजे ज्या उच्चारास आम्ही हंसलों, तोच उच्चार करणारीं राष्ट्रें होऊन गेलीं, आणि त्यांचे शब्द आज इंग्रजीचे अलंकार झाले आहेत! दुसऱ्या दिवशीं आम्हीं ते सर्व शब्द फळ्यावर लिहिले, वर्गाला ही हकीकत सांगितली, आणि आपण हंसलों ही चूक झाली असें कबूल केलें. तो मुलगा वर मान करून ऐकत होता. शेवटीं त्यानें विचारलें, "सर, मग 'इस्कूल' बरोबर का?" आम्हीं म्हटलें, "आजच्या इंग्रजींत 'स्कूल' असेंच म्हणावयाचें, बाळ. पण तुझी चूक मोठ्या कुळांतली आहे."

त्या दिवसापासून वर्गांत एक वही ठेविली. ज्याला नवलाचा शब्द सांपडेल त्यानें तो तींत लिहावा व सर्वांस वाचून दाखवावा. नियम दोनच केले: शब्दाची हकीकत चांगल्या कोशांत ताडून पाहावी, आणि कोणास हिणविण्यासाठीं शब्द वापरूं नये. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ति १८५७) आणि यूल व बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' हे दोन ग्रंथ या कामीं फार उपयोगी पडले. आज ते दोन्ही संगणकावर विनामूल्य पाहतां येतात.

वहींतील पहिला शब्द एका वारली मुलीनें लिहिला: 'मंगूस'. तिच्या शेताच्या बांधावर धांवणारें मुंगूसच इंग्रजींत जाऊन राहिलें आहे! त्याचें अनेकवचन मात्र 'मंगीज' होत नाहीं, 'मंगूसेस' होतें. कारण 'गूज', म्हणजे हंसासारखा पक्षी, याचा येथें कांहींएक संबंध नाहीं. मराठीचा शब्द परदेशीं गेला तरी त्यानें आपली चाल सोडली नाहीं, असें ती मुलगी म्हणाली.

दुसरा शब्द आमच्या 'इस्कूल'वाल्या मुलानें आणला. बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील त्याच्या घरचेच. त्यांस इंग्रजींत 'बॉम्बे डक', म्हणजे मुंबईचें बदक, म्हणतात, आणि 'बोंबील' शब्दावरूनच झालेला 'बमेलो' हा शब्दहि आहे. सुके बोंबील डाकगाडीनें जात, म्हणून 'डाक'चें 'डक' झालें, असें त्याच्या काकांनीं त्याला सांगितलें होतें. गोष्ट गोड होती. परंतु ताडून पाहण्याचा नियम होता. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं गेली, आणि 'बॉम्बे डक' हें नांव त्यापूर्वीं कित्येक वर्षें छापील इंग्रजींत आलेलें आहे. हे सन त्यानें स्वतः जुळवून पाहिले आणि दुसऱ्या दिवशीं उभा राहून म्हणाला, "सर, काकांची गाडी उशिरां आली." या वेळीं वर्ग हंसला तो त्याच्याबरोबर.

तारापूरच्या वसाहतींतील एकानें 'ॲटम' हा शब्द लिहिला. ग्रीक भाषेंत 'ॲटोमोस' म्हणजे जें कापतां येत नाहीं तें. त्यांतील आरंभींचा 'अ' आपल्या 'अखंड', 'अमर' या शब्दांतील 'अ'चा सख्खा भाऊ आहे. १९३८ सालीं अणुगर्भ फुटतो हें सिद्ध झालें, आणि १९६९ पासून तारापुरास त्यावर वीज होऊं लागली. शब्द मात्र 'कापतां येत नाहीं' असेंच अजून म्हणतो आहे! ज्ञान पुढें जातें, पण शब्द आपल्या जन्माची खूण जपून ठेवतो.

नाशिकला मामाकडे गेलेल्या एका मुलीनें 'डूलॅली' आणला. डोकें फिरलेल्यास इंग्रजींत थट्टेनें असें म्हणतात. हा शब्द आपल्या देवळालीवरून झाला. तेथील छावणींत मुदत संपलेले गोरे शिपाई स्वदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून असत. काम नाहीं, घर दूर, उन्हाळा कडक. कित्येकांचें चित्त ठिकाणावर राहत नसे. मूळचा प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, आणि त्यांतील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. थट्टेच्या शब्दामागें इतकें दुःख असतें हें कळल्यावर वर्ग क्षणभर स्तब्ध झाला.

शेवटीं आम्हींहि आमचा शब्द लिहिला. तो 'शिब्बोलेथ'. पवित्र शास्त्रांत शास्ते या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत त्याची कथा आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक पळून जाणाऱ्या प्रत्येकास 'शिब्बोलेथ' म्हणावयास सांगत. एफ्राइमी मनुष्याच्या जिभेस 'श' येत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि त्याचा वध होई. अशा रीतीनें ४२,००० माणसें पडलीं. पुढें हा शब्द इंग्रजींत 'आपला कोण, परका कोण' हें पारखण्याची खूण या अर्थीं रूढ झाला. इब्री भाषेंत त्याचा एक अर्थ धान्याचें कणीस असा आहे. ज्यानें भूक भागावी, त्याच्या नांवानें माणसें कापलीं गेलीं!

मित्रहो, 'इस्कूल' ऐकून आम्ही हंसलों त्या दिवशीं आमचा वर्गहि यार्देनेचा उतार झाला होता. म्हणून नवा शब्द सांपडला तर तो जरूर सांगा. मात्र कणीस द्यावें तसा द्या. ती वही अजून कपाटांत आहे, आणि तिचीं बरींच पानें कोरीं आहेत.