पहिला डेक

(खेळ म्हटला की हार-जीत आलीच. पण खेळाला बसण्यापूर्वी आपण काय तयारी केली, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाच्या पहिल्या स्पर्धेची तयारी कशी करावी, हे लेखिकेने या पाठात स्वतःच्या अनुभवावरून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'पत्ते' हा शब्द ऐकताच घरातील मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतात. त्यांचे चुकत नाही. पत्त्यांच्या जुगाराने कितीतरी घरे धुळीला मिळाली आहेत. पण आज मी तुम्हांला एका वेगळ्या खेळाची ओळख करून देणार आहे. त्याचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. नावात जादू आहे. पण खेळात जादू नाही, गणित आहे.

हा खेळ अमेरिकेतील रिचर्ड गारफील्ड यांनी तयार केला. गारफील्ड हे गणिताचे अभ्यासक. १९९३ साली हा खेळ प्रथम बाजारात आला आणि १९९४ साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. सुरुवातीच्या नियमांत एक वाईट चाल होती. प्रत्येक खेळाडू आपला एक पत्ता पणाला लावी आणि जिंकणारा तो घेऊन जाई. अधिकृत स्पर्धांत ही चाल आता नाही. स्पर्धेच्या निकालावर पैज लावण्यासही तेथे मनाई आहे.

नेहमीच्या कॅटमध्ये ५२ पत्ते असतात आणि सगळे त्याच कॅटने खेळतात. येथे मात्र प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांतून निवड करून आपला कॅट स्वतः बांधून आणतो. त्याला 'डेक' म्हणतात. स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारात डेकमध्ये कमीत कमी ६० पत्ते लागतात. एकाच नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. मूळ जमिनींना मात्र ही मर्यादा नाही.

जमीन म्हणजे काय? मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल या पाच मुख्य मूळ जमिनी आहेत. त्यांच्यापासून खेळाडूला 'मॅना' नावाची शक्ती मिळते. ही शक्ती खर्च करूनच बाकीचे पत्ते खेळता येतात. एका पाळीत एकच जमीन मांडता येते. प्रत्येक खेळाडूजवळ सुरुवातीला २० जीवनगुण असतात. समोरच्याचे जीवनगुण संपवले की डाव आपला!

मी बी.एड.ला होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला या खेळाचा नाद होता. त्याच्याबरोबर मीही एका दुकानात भरलेल्या छोट्या स्पर्धेला गेले. डेक मी स्वतः बांधला होता. जो पत्ता आवडला, तो मी त्यात घातला. एकही पत्ता बाहेर ठेवायला जीव धजेना. पाचही रंग आले, मोठमोठे प्राणी आले. पत्ते ८४ झाले.

पहिला डाव सुरू झाला. मी ७ पत्ते उचलले. त्यांत जमीन एकच! हातात बलाढ्य पत्ते होते. पण एकही खेळता येईना. मी हात चोळत बसले आणि समोरच्या मुलाने माझे २० जीवनगुण पाहता पाहता संपवले. दुसऱ्या डावातही तेच घडले. घरी परतताना मी म्हणाले, "माझे नशीबच फुटके!"

भाऊ हसला. तो म्हणाला, "आपा, नशिबाला का बोल लावतेस? तुझ्या डेकमध्ये जमिनी किती आहेत, ते तरी मोज."

मी मोजल्या. ८४ पत्त्यांत जमिनी फक्त १८! म्हणजे ७ पत्त्यांच्या हातात सरासरी दीड जमीन. माझे नशीब फुटके नव्हते. माझा हिशेब कच्चा होता. त्या रात्री आम्ही दोघांनी डेक पुन्हा बांधला. तीच रीत मी तुम्हांला सांगते.

प्रथम स्पर्धेत कोणते पत्ते चालतात, ते आयोजकांना विचारा. मग एक किंवा फार तर दोन रंग निवडा. नंतर ९ प्रकारचे पत्ते निवडा आणि प्रत्येकाच्या ४ प्रती घ्या. नऊ चोक छत्तीस. त्यांत २४ जमिनी मिळवा. झाले ६०! आता ७ पत्त्यांत सरासरी २.८, म्हणजे जवळजवळ तीन जमिनी येतील.

तुम्ही विचाराल, एकाच पत्त्याच्या चार प्रती कशाला? त्यालाही हिशेब आहे. ६० पत्त्यांत एखादा पत्ता एकच असेल, तर १०० डावांपैकी सुमारे १२ डावांतच तो पहिल्या हातात दिसेल. त्याच्या ४ प्रती असतील, तर सुमारे ४० डावांत निदान एक प्रत हाती येईल. पण डेक फुगवून १०० पत्त्यांचा केला, तर हे ४० घटून सुमारे २५ होतील. म्हणून पत्ते ६० च ठेवा. आवडता पत्ता बाहेर ठेवताना वाईट वाटते, हे मला ठाऊक आहे. पण डेक जसा पत्ते घालून बनतो, तसा तो पत्ते वगळूनही बनतो.

हे नऊ प्रकारही विचारपूर्वक निवडा. पहिल्या पाळीत तुमच्याजवळ एक जमीन असेल, दुसऱ्या पाळीत दोन. म्हणून स्वस्त पत्ते जास्त हवेत. एक मॅनाचे २ प्रकार, दोन मॅनाचे ३, तीन मॅनाचे २, चार मॅनाचा १ आणि पाच मॅनाचा १, असा मेळ साधा. म्हणजे प्रत्येक पाळीत काहीतरी करता येईल.

स्वस्त पत्त्यांना हसू नका. १९९६ साली अटलांटा शहरातील एका स्पर्धेत पॉल स्लाय नावाचे खेळाडू लाल रंगाचा एक साधा डेक घेऊन उतरले. जे श्नायडर यांनी तो आखला होता. त्यात 'आयर्नक्लॉ ऑर्क्स'सारखे पत्ते होते. हा दोन मॅनाचा प्राणी बलवान शत्रूला अडवूही शकत नाही. इतर लोक असे पत्ते बाजूला टाकत. पण या डेकमध्ये प्रत्येक पाळीला खेळण्याजोगा पत्ता होता. समोरचा आपल्या भारी पत्त्यांची वाट पाहत बसे, तोवर याचे हल्ले सुरू होत. स्लाय वरच्या क्रमांकांपर्यंत पोहोचले आणि पुढे अशा डेकना त्यांचेच नाव पडले.

पैशांच्या बाबतीतही सावध राहा. बंद पाकिटात कोणते पत्ते निघतील, हे आधी कळत नाही. हवा तो पत्ता निघेल या आशेने पाकिटांमागून पाकिटे घेऊ नका. घरच्यांना विचारून एखादा तयार डेक घ्या किंवा हवे तेवढेच सुटे पत्ते घ्या. मित्रांशी अदलाबदलही करता येते.

स्पर्धेपूर्वी घरी निदान दहा डाव खेळून पाहा. सर्व पत्त्यांना एकसारखी वेष्टने घाला. बहुतेक मोठ्या स्पर्धांत डेकची यादी लिहून द्यावी लागते. ती नीट तपासा. पत्ते चांगले पिसा आणि समोरच्यालाही पिसू द्या. पहिला हात अगदीच वाईट आला, तर नियमाप्रमाणे पुन्हा ७ पत्ते घेता येतात. मात्र त्यांतला एक डेकच्या तळाशी ठेवावा लागतो. शंका आली की हात वर करून पंचांना बोलवा. विचारण्यात कमीपणा नाही. तीन डावांपैकी दोन जिंकणारा फेरी जिंकतो. पुष्कळ स्पर्धांत एक फेरी हरणारा बाद होत नाही. पुढच्या फेरीत त्याला साधारण त्याच्याएवढेच गुण असलेला भिडू मिळतो. म्हणून पहिल्या पराभवाने खचून जाऊ नका.

पुढच्या स्पर्धेत मी चार फेऱ्यांपैकी दोन जिंकले. बक्षीस मिळाले नाही. पण उरलेल्या दोन फेऱ्या मी का हरले, हे मला सांगता आले. मित्रांनो, पत्ते पिसल्यावर कोणता पत्ता येईल, हे आपल्या हाती नसते. पण पिसण्यापूर्वी डेकमध्ये काय ठेवावे, हे पूर्णपणे आपल्याच हाती असते. तेवढे नीट करा, मग नशिबाला बोल लावण्याची वेळ क्वचितच येईल.

शब्दार्थ

पाळी – खेळण्याची आपली वेळ
पिसणे – पत्ते एकमेकांत मिसळणे
वेष्टन – वरचे आवरण
भिडू – बरोबर किंवा समोर खेळणारा
वगळणे – बाहेर ठेवणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॅजिक हा खेळ कोणी तयार केला?
(आ) लेखिकेच्या पहिल्या डेकमध्ये किती जमिनी होत्या?
(इ) शंका आली तर खेळाडूने काय करावे?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) लेखिकेला हातातले बलाढ्य पत्ते खेळता आले नाहीत.
(आ) डेकमध्ये स्वस्त पत्ते जास्त असावेत.

प्रश्न ३. वाक्यात उपयोग करा.
कपाळाला आठ्या घालणे, हात चोळत बसणे, बोल लावणे, धुळीला मिळणे.

प्रश्न ४. 'डेक पत्ते वगळूनही बनतो', या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत पाच ओळींत लिहा.

उपक्रम : ६० चिठ्ठ्या घ्या. त्यांपैकी २४ चिठ्ठ्यांवर 'जमीन' असे लिहा. न पाहता ७ चिठ्ठ्या उचला आणि त्यांत किती जमिनी आल्या, ते नोंदवा. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या परत मिसळून असे २० वेळा करा व सरासरी काढा.