चिंता, स्मृती आणि उंदरांच्या मेंदूतील ग्राही

प्रश्न : चिंता शमवणाऱ्या औषधांनी गुंगी आणि विस्मरण का होते?

उत्तर : डायझेपामसारखी औषधे ‘गाबा-ए’ ग्राहींवर, म्हणजे गाबा हे रसायन चिकटताच क्लोराइड आयनांना वाट देऊन चेतापेशीची उत्तेजना शमवणाऱ्या प्रथिनांवर काम करतात. या ग्राहीतील अल्फा उपघटकाचे अनेक प्रकार असतात, आणि खरी मेख तिथेच आहे. झुरिकच्या संशोधकांनी १९९९ मध्ये उंदरांच्या अल्फा-१ उपघटकातील हिस्टिडीन या एकाच अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनीन आणले; ग्राहीचे नेहमीचे काम चालू राहिले, मात्र तो डायझेपामला दाद देईनासा झाला. अशा उंदरांना औषधाने गुंगी आली नाही, विस्मरणही झाले नाही, तरी त्यांची भीती कमी झाली. अल्फा-२ मध्ये तोच बदल केल्यावर भीती घटवणारा परिणामच नाहीसा झाला. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस भागात विपुल असलेला अल्फा-५ ज्या उंदरांत मुळातच नव्हता, ते पाण्याखालील मंच शोधण्याच्या चाचणीत सरस ठरले, पण भीतीच्या चाचण्यांत इतरांसारखेच वागले. अर्थात उंदराची ‘भीती’ त्याने उघडी जागा किती टाळली यावरून मोजली जाते, त्यामुळे ती माणसाच्या चिंतेशी तंतोतंत जुळते असे मानणे घाईचे ठरेल.