नैसर्गिक वायूचे शुष्कीकरण

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्राच्या तळाखाली १९७४ साली तेल व वायू यांचा साठा सापडला आणि १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. मुंबई हाय या क्षेत्रातील वायू समुद्रतळावरील नळाने रायगड जिल्ह्यात उरण येथे येतो. उरणचे वायुविद्युत केंद्र व थळचा खत कारखाना यांची उभारणी याच वायूच्या भरवशावर झाली. शेतात पडणारा युरिया व स्वयंपाकघरातील सिलिंडर यांचा या नळाशी असा निकटचा संबंध आहे. तो नळ टिकावा म्हणून वायू त्यात सोडण्यापूर्वी समुद्रातील प्लॅटफॉर्मवरच त्यातील पाणी काढून घेतात.

भूगर्भातून वर येणारा वायू पाण्याच्या वाफेने संपृक्त असतो. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, ते हवेतील अशाच अदृश्य वाफेचे होत. उष्ण वायू नळात निवू लागला की नळाच्या आतील बाजूस हेच घडते. तपमान ४० अंश सेल्सिअस व दाब वातावरणाच्या सत्तरपट असता दर घनमीटर वायूबरोबर सुमारे एक ग्रॅम पाणी येते. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु दहा लाख घनमीटर वायूमागे ते एक टन भरते.

या पाण्याचे धोके दोन. उच्च दाबाखाली मिथेन व पाणी यांचे बर्फासारखे घन स्फटिक बनतात. त्यांस हायड्रेट म्हणतात. शून्य अंशाच्या बऱ्याच वरही ते टिकतात. वायूचे नळ तुंबतात ते बर्फाने नव्हे, तर या स्फटिकांनी, हे १९३४ साली अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी दाखविले. मुंबईजवळचा समुद्र उथळ व उबदार असल्याने येथे हा धोका मुख्यतः झडपांपाशी, जेथे दाब उतरून वायू एकाएकी थंड होतो तेथे, संभवतो. गंजाचा धोका मात्र अधिक गंभीर मानावा लागेल. वायूतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल तयार होते व ते पोलाद आतून खाते. हजीरा येथे जाणाऱ्या वसई क्षेत्रातील वायूत हायड्रोजन सल्फाइडही असल्याने तेथे अधिकच दक्षता घ्यावी लागते. जमिनीतील नळ उकरून दुरुस्त करता येतो. समुद्रतळावरील नळासाठी जहाजे व पाणबुडे लागतात.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, कारण ते हवेतील ओलावा ओढून घेते. ट्रायएथिलीन ग्लायकॉल या द्रवाचा गुणधर्म तसाच आहे. उंच मनोऱ्यात वायू खालून वर चढतो आणि ग्लायकॉल एकाखाली एक असलेल्या तबकांवरून खाली उतरतो. वाटेत वायूतील सुमारे नऊ-दशांश पाणी ग्लायकॉलमध्ये जाते. दर किलो पाण्यामागे साधारण २५ लिटर ग्लायकॉल फिरवावे लागते. परंतु ते खर्ची पडत नाही. पाणी १०० अंशांना उकळते, तर ग्लायकॉल सुमारे २८५ अंशांना. म्हणून ओले ग्लायकॉल तापविले की पाणी वाफ होऊन निघून जाते आणि ग्लायकॉल पुन्हा मनोऱ्यावर चढविता येते.

प्रक्रिया सोपी दिसते, पण तापविणाऱ्याचे कसब येथेच लागते. तपमान २०० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. ते कमी पडल्यास ग्लायकॉलमध्ये पाणी उरते व पुढचा वायू ओलाच राहतो. २०६ अंशांच्या वर गेल्यास ग्लायकॉलचे विघटन होऊ लागते. वायूबरोबर खारे पाणी मनोऱ्यात शिरले तर तापक नळ्यांवर क्षाराचे कवच चढते, तेलाचा अंश आला तर फेस होतो. यासाठी मनोऱ्यापूर्वी द्रव वेगळा करणारे पात्र बसवितात.

ग्लायकॉल पाण्याबरोबर थोडे बेंझीनही शोषते व तापविताना ते वाफेसह बाहेर पडते. बेंझीन कर्करोगकारक असल्याने ही वाफ निववून किंवा जाळून टाकणे आवश्यक ठरते. जेथे वायू शून्याखाली पुष्कळ थंड करून त्यातून स्वयंपाकाचा वायू वेगळा करतात, तेथे ग्लायकॉलने झालेले शुष्कीकरणही अपुरे पडते. अशा ठिकाणी उरलासुरला ओलावा झिओलाइटच्या स्फटिकांचे थर टिपून घेतात.