पुढच्या चाकांची शक्ती

वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते. मात्र मृगाच्या दोन सरी कोसळल्या, की तीच माती डिंकासारखी चिकट बनते. अशा वाटेवर बैलगाडी, म्हणजे वर्ध्याकडची बंडी, रुतली तर गाडीवान खाली उतरून चाकाच्या आऱ्यांना हात घालतो. याच जिल्ह्यात पुलगाव येथे लष्कराचे प्रचंड दारूगोळा भांडार आहे. दारूगोळ्याने भरलेली मालमोटार आडवाटेवर चिखलात फसली, तर तिला कोण हात घालणार?

साध्या मालमोटारीत इंजिनाची शक्ती एका लांब दांड्यावाटे मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके केवळ दिशा दाखवितात. चिखलात मागची चाके जागच्या जागी गरगर फिरतात आणि आपलाच खड्डा खोल करतात. लष्करी मालमोटारीत गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागे व दुसरा पुढे जातो. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे तयार होणारी आणि १९९६ साली निर्मिती थांबलेली 'शक्तिमान' अशीच चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी होती.

मग पुढची चाके नेहमीच जोडलेली का ठेवीत नाहीत? याचे उत्तर सायकलीपाशी मिळते. सायकलीची चाके ओली करून ती कोरड्या फरशीवर वळवावी. पुढच्या चाकाची रेघ मागच्या चाकाच्या रेघेबाहेरून गेलेली दिसेल. वळणावर पुढच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. मालमोटारीतही तसेच घडते. पण दोन्ही दांडे एकमेकांना घट्ट जोडलेले असतील, तर पुढच्या चाकांना तेवढे अधिक फिरण्यास मोकळीक उरत नाही. चिखलात चाक जरासे घसरून हा ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो निघत नाही. टायर झिजतात, दांडे पिळले जातात, आणि मागाहून पुढची चाके सोडवू म्हटले तर दातेच अडकून बसतात. अशा वेळी जाणता चालक गाडी थोडी सरळ मागे घेतो. ताण उतरतो आणि दाते सुटतात.

जुन्या गाड्यांत हे जोडण्याचे काम चालकाच्या हाताशी असलेल्या दांडीने होत असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा अडीच-टनी 'जनरल मोटर्स' मालमोटारी पाच लाखांहून अधिक बांधल्या. दांडी ओढली, की पेटीतील दात्यांची कडी सरकून पुढच्या दांड्यावरील दात्यांत बसे. मात्र चिखलात शिरण्यापूर्वीच ती ओढावी लागे. मागची चाके वेगाने गरगरू लागल्यावर ओढली, तर दाते एकमेकांवर आपटून मोडण्याची भीती असे.

चालक विसरला तर? ही अडचण १९५० च्या सुमारास आलेल्या 'एम-३५' मालमोटारीच्या सुरुवातीच्या नमुन्यांत चातुर्याने दूर केली होती. सायकलीचे पायडल थांबले तरी चाक फिरत राहते. पायडलाने चाकाचा वेग गाठला, की ते चाकाला ओढू लागते. या मालमोटारीतही पुढच्या दांड्याला असाच एकाच दिशेने पकडणारा सांधा होता. पेटीतील चक्राला पुढच्या दांड्यापेक्षा किंचित कमी वेग दिलेला असे. त्यामुळे चांगल्या रस्त्यावर पुढची चाके जमिनीच्या रेट्याने मोकळी धावत. मागची चाके घसरून वेगाने फिरू लागली, की पेटीतील चक्रही त्यांच्याबरोबर वेग घेई, पुढच्या दांड्याला गाठी आणि सांध्यातील पाचरी घट्ट बसत. चालकाने काहीही न करता पुढची चाके ओढू लागत. गाडी मागे घेताना मात्र हा सांधा निरुपयोगी, कारण दिशाच उलटते. म्हणून मागे जाण्यासाठी पाचरींचा दुसरा संच त्याच्या शेजारीच बसविलेला असे.