शेवटच्या शब्दापुरता इको

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. गणपती-नवरात्रासाठी आम्ही भजनं घरीच लॅपटॉपवर, रीपर या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतो. ओळ साधी ऐकू यावी आणि फक्त तिच्या शेवटच्या शब्दावर इको उठावा, असं हवं आहे. माउसने एकेका शब्दावर इको कमी-जास्त करताना रात्र सरते. घरात नॉब असलेला एक छोटा मिडी कीबोर्ड पडून आहे. त्याने हे काम होईल का?
— एक वाचक, शाहपूर (जि. बऱ्हाणपूर)

उत्तर : होईल, आणि माउसपेक्षा चांगलं होईल. शब्द कुठे सोडायचा हे गाणाऱ्याच्या हाताला बरोबर कळतं. पडद्यावरच्या रेघा बघून ते साधत नाही.

नॉब फिरवला की तारेतून आवाज जात नाही. जातो फक्त आकडा : हा अमुक नंबरचा नॉब, तो 0 ते 127 मध्ये इतक्यावर आहे. त्या आकड्याने काय हलवायचं ते तुम्ही सॉफ्टवेअरला सांगायचं. मिडी नावाची ही पद्धत 1983 मध्ये रूढ झाली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात पुढाकार होता. त्याबद्दल दोघांना 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांचा लाडका ऑक्टापॅड घ्या. 1985 च्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी मारली की तो नुसते मिडीचे आकडे पाठवायचा, वाजायचं दुसरंच यंत्र.

आता मुख्य मुद्दा, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. नॉब इकोच्या आवाजाला जोडू नका. तसं केलंत तर नॉब खाली आणताच घुमणारा शब्द मध्येच कापला जाईल. इकोचा ट्रॅक वेगळा करा, गाण्याच्या ट्रॅकवरून त्याला सेंड द्या. या ट्रॅकवर आधी व्हॉल्यूमचं साधं प्लगिन आणि त्याच्यानंतर डिले, म्हणजे इको देणारं प्लगिन, ठेवा. डिलेमधून मूळ आवाज बाहेर येऊ देऊ नका, फक्त इको येऊ द्या. नॉब जोडायचा तो त्या व्हॉल्यूमला, म्हणजे इकोमध्ये *जाणाऱ्या* आवाजाला. केळीच्या बागेत ठिबकचा कॉक बंद केल्यावरही नळीतलं पाणी थेंबथेंब गळत राहतं ना, तसा आत गेलेला शब्द आपल्या गतीने विरत जातो आणि पुढची ओळ कोरडी राहते.

जोडणी सोपी आहे. प्रेफरन्सेसमध्ये मिडी उपकरणांची यादी उघडून कीबोर्डला कंट्रोल मेसेजची परवानगी द्या. व्हॉल्यूम प्लगिनचा फेडर किंचित हलवा, खिडकीवरच्या 'पॅरम' बटणातून 'लर्न' निवडा आणि नॉब फिरवा. तिथेच 'सॉफ्ट टेकओव्हर' असतं, तेही चालू करा. नाहीतर नॉब एकीकडे, फेडर दुसरीकडे आणि पहिल्या स्पर्शाला आवाज उडी मारतो.

मग इको ट्रॅकचं ऑटोमेशन 'लॅच'वर ठेवून भजन सुरुवातीपासून वाजवा. 'टच' नको. हात निघाला हे साध्या नॉबला कळत नाही, त्यामुळे तो मोड त्याच्याशी नीट जुळत नाही. शब्द आला की नॉब वर, संपला की खाली. सगळी हालचाल रेघेच्या रूपात नोंदली जाते, चुकलेली जागा नंतर माउसने सरळ करता येते. झालं की मोड 'रीड'वर आणायला विसरू नका.

ही युक्ती जुनी आहे. 1970 च्या दशकात जमैकात किंग टबी हा यंत्रं दुरुस्त करणारा माणूस मिक्सरचे फेडर ढकलत एखादाच शब्द इकोत भिरकावून द्यायचा, तेही एका दमात. तुम्हाला निदान अन्‌डू आहे.

इकोचं अंतर लयीवरून ठरवा. मिनिटाला 90 मात्रा असतील तर एक मात्रा 667 मिलिसेकंदांची, अर्धी 333 ची. पण भजनाची लय चढत जाते आणि सॉफ्टवेअरचा टेम्पो जागचा हलत नाही. तेव्हा द्रुत लयीत हे अंतर कमी करावं लागेल. ते इको पूर्ण विरल्यावरच बदला. चालू इकोत बदललंत तर बऱ्याच प्लगिनमध्ये सूर लवतो. पांडुरंगाच्या नावाला तो प्रकार शोभत नाही, असं माझं मत.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. तिथे नॉब निरुपयोगी. कीबोर्डला सस्टेन पेडल लागत असेल तर तेच याच रीतीने 'लर्न' करा. दाबलं की 127, सोडलं की 0. एवढं मात्र बघा : गायकाच्या माइकमध्ये टाळ शिरत असतील, तर शब्दाबरोबर टाळही घुमतील आणि नुसता खणखणाट होईल. इको ट्रॅकवर वरचे स्वर कापणारा फिल्टर लावा, आणि त्याआधी टाळकऱ्यांना माइकपासून चार हात मागे बसवा.